वाचायला शिकणारं मूल आणि बालपुस्तकांचे पुरस्कार

महाराष्ट्र शासन दरवर्षी उत्कृष्ट मराठी वाङ्मय निर्मितीचे पुरस्कार देतं. त्यांत बालवाङ्मयाचे विभाग स्वतंत्र आहेत. कवितेचा पुरस्कार बालकवींच्या नावाचा, कादंबरीचा साने गुरुजींच्या, नाटक-एकांकिकांचा भा. रा. भागवतांच्या, गोष्टींचा राजा मंगळवेढेकरांच्या, छंद आणि शास्त्रं यांचा यदुनाथ थत्त्यांच्या आणि संकीर्ण पुस्तकांचा ना. धो. ताम्हनकरांच्या नावाचा. ज्यांच्या पुस्तकांवर आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या, त्यांची ही नावं आहेत आणि ती ज्यांनी दिली त्यांनी फार योग्य केलं. मात्र ही सगळी वाटणी साहित्यप्रकारांची आहे. कविता वेगळी, कथा वेगळी, नाटक वेगळं; पण चार वर्षांचं मूल आणि तेरा वर्षांचं मूल एकाच ‘बाल’ या शब्दाखाली. चार वर्षांच्या मुलाला पुस्तक मांडीवर बसवून ऐकवायचं असतं. सात वर्षांचं मूल ओळीवर बोट ठेवून, अडखळत, स्वतः वाचू पाहत असतं. तेराव्या वर्षी तेच मूल दार लावून, जेवायच्या हाकेला ओ न देता कादंबरी संपवतं. या तिघांना लागणारी पुस्तकं एकमेकांच्या उपयोगी पडत नाहीत. परीक्षकांपुढे मात्र ती एकाच गठ्ठ्यात जातात.

बालपुस्तकांच्या पुरस्कारांकडे आपण लेखकाचा गौरव म्हणून पाहतो. तो व्हायलाच हवा. पण जगात असेही पुरस्कार दिले जातात, ज्यांचा मुख्य हेतू मुलाची भाषा वाढावी, त्याला वाचता यावं आणि वाचावंसं वाटावं, हा आहे. ते कसे चालतात, कुठे यशस्वी होतात, कुठे अडतात आणि आपल्याकडे त्यातलं काय आहे, काय नाही, हे एकदा सलग पाहायला हवं.

सुरुवात अमेरिकेतली. फ्रेडरिक मेल्चर हे पुस्तकव्यवसायातले गृहस्थ. मुलांसाठीच्या उत्तम पुस्तकाला दरवर्षी पदक द्यावं ही कल्पना त्यांनी १९२१ साली अमेरिकन लायब्ररी असोसिएशनमध्ये, मुलांच्या विभागात काम करणाऱ्या ग्रंथपालांपुढे मांडली. अठराव्या शतकात लंडनमध्ये मुलांसाठी पुस्तकं छापणाऱ्या जॉन न्यूबेरी या पुस्तकविक्रेत्याचं नाव पदकाला दिलं गेलं. पहिलं न्यूबेरी पदक १९२२ साली हेंड्रिक विलेम व्हान लून यांच्या मानवजातीच्या इतिहासावरच्या पुस्तकाला मिळालं. १९२८ चं पदक मूळच्या बंगालच्या धनगोपाल मुखर्जींना मिळालं, तेही चित्रग्रीव नावाच्या कबुतराच्या गोष्टीसाठी. १९३८ पासून चित्रकारांसाठी कॅल्डेकॉट पदक सुरू झालं. चित्रपुस्तकातलं चित्र ही सजावट नसून निम्मी गोष्ट आहे, हे त्या पदकाने व्यवहारात मान्य केलं.

या पदकांची ताकद रकमेत नाही. न्यूबेरी हे ब्राँझचं पदक आहे. ताकद आहे ती निवड कोण करतं यात. पुस्तक निवडणारेही ग्रंथपाल आणि ग्रंथालयासाठी ते विकत घेणारेही ग्रंथपाल. पदक जाहीर झालं की देशभरातल्या सार्वजनिक आणि शालेय ग्रंथालयांतून मागणी जाते, मुखपृष्ठावर शिक्का चिकटतो आणि ते पुस्तक दशकानुदशकं बाजारात टिकतं. आपल्याकडे पारितोषिक मिळालेलं बालपुस्तक चार-पाच वर्षांनी शोधू गेलं तर ‘आवृत्ती संपली’ असं उत्तर मिळतं. दोन्हीकडच्या लेखकांच्या प्रतिभेत एवढं अंतर नाही. पदकानंतर पुस्तकाचं काय होतं, तिथे खरं अंतर आहे.

ब्रिटनमध्ये १९३६ साली कार्नेगी पदक आलं. पहिले मानकरी आर्थर रॅन्सम, पुस्तक ‘पिजन पोस्ट’. त्या पदकाची पुढे जी वाढ झाली ती मला अधिक महत्त्वाची वाटते. अंतिम यादी जाहीर झाली की शाळाशाळांतून मुलांचे गट तीच पुस्तकं वाचायला घेतात, त्यांवर वाद घालतात, लिहितात, आपला निकाल ठरवतात. परीक्षकांच्या बरोबरीने मुलांची ही समांतर वाचनफेरी चालते. निकाल लागेपर्यंतचे काही आठवडे हजारो वर्गांमध्ये नव्या पुस्तकांची चर्चा चालू असते. पारितोषिक एका लेखकाला मिळतं, पण वाचन यादीतल्या सगळ्या पुस्तकांचं होतं.

न्यूबेरीवर टीकाही झाली आणि ती आपल्या विषयाच्या अगदी मध्यावर येते. २००८ साली समीक्षक अनिता सिल्व्ही यांनी ‘स्कूल लायब्ररी जर्नल’मध्ये लेख लिहून विचारलं की न्यूबेरी वाट चुकलं आहे का. तक्रार अशी की निवडली जाणारी पुस्तकं वाङ्मयीन गुणांनी कितीही श्रेष्ठ असली, तरी मुलं ती उचलत नाहीत. मोठ्यांनी मोठ्यांच्या कसोटीवर निवडलेलं पुस्तक मुलाच्या हातात टिकेल याची हमी नसते. ही तक्रार मराठीतही जुनीच आहे. आपण ती कुजबुजत करतो, तिकडे ती छापून आली, एवढाच फरक.

खरा बदल घडवला तो थिओडोर स्यूस गायझेल पुरस्काराने. डॉ. स्यूस या नावाने लिहिणाऱ्या लेखकाच्या नावाचा हा पुरस्कार २००४ साली स्थापन झाला, पहिल्यांदा दिला गेला २००६ साली, आणि तो फक्त नुकतंच वाचू लागलेल्या मुलांच्या पुस्तकांसाठी आहे. त्यामागची हकिगत सांगण्यासारखी आहे. १९५४ साली लेखक जॉन हर्सी यांनी ‘लाइफ’ साप्ताहिकात लिहिलं की शाळेतली वाचनपाठांची पुस्तकं इतकी नीरस आहेत की मुलं वाचायला शिकणार कशी. त्यानंतर एका प्रकाशकाने डॉ. स्यूसना पहिलीतल्या मुलांना ठाऊक असलेल्या शब्दांची यादी दिली आणि त्या शब्दांत, मुलाला खाली ठेववणार नाही असं पुस्तक लिहा म्हणून सांगितलं. १९५७ साली ‘द कॅट इन द हॅट’ प्रसिद्ध झालं. त्यात वेगवेगळे शब्द आहेत फक्त २३६. पुढे १९६० साली आलेलं ‘ग्रीन एग्ज अँड हॅम’ तर अवघ्या ५० शब्दांत बांधलेलं आहे. शब्द मोजून घेतले म्हणजे साहित्य पातळ होतं, हा समज या दोन पुस्तकांनी कायमचा खोटा ठरवला.

गायझेल पुरस्काराचे निकष वाचले की एखादा मुरलेला पहिलीचा शिक्षक बोलतो आहे असं वाटतं. पुस्तक किमान २४ पानांचं हवं आणि ९६ पानांच्या आतलं. विषय असा हवा की वाचण्याचे कष्ट घ्यावेसे वाटतील. नवे शब्द सावकाश यावेत, शिकताना धाप लागू नये. आलेला शब्द पुन्हा पुन्हा यावा, म्हणजे तो पक्का होईल. वाक्यं साधी, सरळ. चित्रांनी गोष्ट दाखवावी. प्रत्येक पानाच्या शेवटी पुढचं पान उलटावंसं वाटावं. आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत ‘मला वाचता आलं’ हा अनुभव मुलाला मिळावा. यातल्या एकाही निकषात संस्कार, मूल्यशिक्षण किंवा बोध नाही.

२००८ साली हा पुरस्कार मो विलेम्स यांच्या ‘देअर इज अ बर्ड ऑन युअर हेड!’ला मिळाला. जेराल्ड हा हत्ती आणि पिगी ही त्याची मैत्रीण. हत्तीच्या डोक्यावर एक पक्षी येऊन बसतो. मग दुसरा येतो. दोघांचं जमतं, ते घरटं बांधतात, अंडी होतात, अंड्यांतून पिल्लं निघतात, आणि हे सगळं डोक्यावर. हत्तीला स्वतःच्या डोक्यावरचं दिसत नाही, म्हणून तो पिगीला विचारतो आणि ती सांगते. सगळं पुस्तक या दोघांच्या संवादात आहे, निवेदनाचं एकही वाक्य नाही. पानावर शब्द मोजके, पण तेच शब्द कधी प्रश्न म्हणून, कधी घाबरून, कधी वैतागून उच्चारायचे असतात. वाचायला शिकणाऱ्या मुलाला एकाच शब्दाची चार-सहा वेळा उजळणी घडते आणि त्याच्या मनात ती उजळणी नसते, नाटक असतं. शेवटी हत्ती पक्ष्यांना ‘कृपा करून दुसरीकडे जा’ म्हणतो आणि ते जातात, पिगीच्या डोक्यावर. हे पुस्तक लिहायला किती कसब लागतं, ते असं एखादं मराठीत लिहून पाहिल्याशिवाय कळणार नाही.

मराठीत ते लिहायचं तर अडचणी निराळ्या आहेत. इंग्रजीत मुलाची गाडी अडते ती स्पेलिंगपाशी. देवनागरी त्या मानाने सरळ. लिहिलं तसं वाचायचं. आपल्या मुलाची वाट अडवतात ती काना-मात्रा-वेलांट्यांची गर्दी आणि त्याहून जास्त जोडाक्षरं. दुसरीतलं मूल ‘घर’, ‘कावळा’, ‘पाणी’ सहज वाचतं आणि ‘म्हणाला’पाशी थांबतं. गोष्टीत तर ‘म्हणाला’ पावलोपावली. ‘त्याला’, ‘तिच्या’, ‘माझ्या’, ‘होत्या’, ‘गोष्ट’ हे सगळे रोजचे शब्द जोडाक्षरांचे. म्हणून जोडाक्षरविरहित गोष्टींची पुस्तकं मराठीत निघाली. त्यांत ‘म्हणाला’च्या जागी ‘बोलला’ येतो, ‘त्याने’ टाळण्यासाठी नाव पुन्हा पुन्हा येतं आणि पुष्कळदा वाक्याची लय मोडते. घरात कुणी बोलत नाही अशी भाषा तयार होते. चांगला लेखक यातून वाट काढतो. तो संवाद वाढवतो, कोण बोलतं आहे ते चित्रातून दाखवतो, एखादंच जोडाक्षर घेतो आणि तेच पुस्तकभर खेळवतो. हे कसब ओळखून त्याला मान देणारा एकही मोठा पुरस्कार आपल्याकडे नाही. मग गुणी लेखकाने कुमारकादंबरी सोडून बत्तीस पानांच्या पहिल्या पुस्तकासाठी दोन वर्षं का घालवावीत?

आणि गरज तर उघड्यावर पडलेली आहे. ‘असर’ या ग्रामीण भारतातल्या शैक्षणिक पाहणीत पाचवीतल्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २०१८ मध्ये ५०.५ टक्के होती. करोनाच्या काळात शाळा बंद राहिल्यानंतर, २०२२ मध्ये, ती ४२.८ टक्क्यांवर आली. पुढे ही घसरण बरीचशी भरून निघाली, तरी निम्म्या मुलांची गोष्ट बाकीच आहे. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, असं ध्येय घेऊन २०२१ साली ‘निपुण भारत’ अभियान सुरू झालं आणि २०२६-२७ ही त्याची मुदत. शिक्षकांना प्रशिक्षण मिळतं, चाचण्या होतात, तक्ते भरले जातात. परंतु वाचता येऊ लागलेल्या मुलाने वाचायचं काय? पाठ्यपुस्तक संपल्यावर त्याच्या पातळीचं, त्याला आवडेल असं दुसरं काही हाताशी नसेल तर आलेलं वाचनही विरून जातं. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचन-लेखन शिकवण्याची पद्धत वर्षानुवर्षं घडवली. पालघर जिल्ह्यात सोनाळे इथली ‘क्वेस्ट’ ही संस्था ‘गोष्टरंग’ या उपक्रमातून बालपुस्तकांतल्या गोष्टी नाट्यरूपाने आदिवासी भागातल्या मुलांपर्यंत नेते. असं काम करणाऱ्या माणसांना नेमकं कोणतं पुस्तक मुलांत चालतं ते ठाऊक असतं. परीक्षक मंडळांवर अशी माणसं असायला हवीत.

परीक्षक कोण, या प्रश्नाचं एक अनपेक्षित उत्तर ऑस्ट्रेलियात मिळतं. तिथली वाचा-भाषा उपचारतज्ज्ञांची, म्हणजे आपण ज्यांना स्पीच थेरपिस्ट म्हणतो त्यांची, राष्ट्रीय संघटना २००३ पासून ‘बुक ऑफ द इयर’ पुरस्कार देते. तिथे बालसाहित्य परिषदेचे पुरस्कार १९४६ पासून आहेत आणि त्यांचा दबदबाही मोठा. तरी उपचारतज्ज्ञांना आपला वेगळा पुरस्कार हवासा वाटला, कारण त्यांची कसोटी वेगळी. विभाग वयाचे आहेत: जन्मापासून तीन वर्षं, तीन ते पाच, पाच ते आठ आणि पुढे, शिवाय मूळनिवासी मुलांसाठी वेगळा विभाग. पुस्तक मुलाला भावतं का, ते वाचताना मोठं माणूस आणि मूल यांच्यात बोलणं होतं का, आणि संवाद व साक्षरता वाढवायला पालक-तज्ज्ञांना त्याचा उपयोग होतो का, हे पाहिलं जातं. उशिरा बोलू लागलेलं मूल, तोतरं बोलणारं मूल, ऐकू कमी येणारं मूल ज्यांच्यासमोर रोज बसतं, त्यांनी निवडलेलं हे पुस्तक. बोलणं आधी येतं, वाचणं नंतर. आणि ज्या घरात मुलाशी भरपूर बोललं जातं तिथे वाचनाची जमीन तयार असते, ही गोष्ट या पुरस्काराच्या पायाशी आहे.

आपल्याकडे हे सगळं अंगणात होतंच. बडबडगीतं, अडगुलं-मडगुलं, चिऊकाऊच्या गोष्टींतली पुन्हा पुन्हा येणारी ठेक्याची वाक्यं ही मुलाच्या कानाला आणि जिभेला वळण लावणारी साधनं. विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर, शांता शेळके यांच्यासारख्या मोठ्या कवींनी मुलांसाठी लिहिताना हा ठेका सोडला नाही. असं असूनही तीन वर्षांखालच्या मुलांसाठी जाड पुठ्ठ्याची, हाताळता येतील अशी मूळ मराठी पुस्तकं अजून फार थोडी आहेत. बाजारात दिसतात ती बहुतेक फळं, फुलं, वाहनं यांच्या चित्रांची. आपल्या अंगणवाड्या आणि शिशुवर्ग यांच्यासाठी दरवर्षी एक जरी असं पुस्तक सन्मानाने निवडलं गेलं, तर प्रकाशक त्या वाटेला वळतील.

शिक्षकांनीच ठरवलेले पुरस्कारही आहेत. ब्रिटनमधल्या साक्षरता संघटनेचे, म्हणजे यूकेएलएचे, पुरस्कार वर्गात शिकवणारे शिक्षक ठरवतात. ते यादीतली पुस्तकं आपल्या वर्गात वाचून पाहतात आणि मुलांचा प्रतिसाद पाहून मत देतात. मुलांनीच निकाल लावायचा ही रीतही जुनी आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात १९५० च्या दशकापासून मुलं मतदान करून पुस्तक निवडतात. फ्रान्समध्ये १९८८ पासून ‘इंकोरप्तिब्ल’ पुरस्कारासाठी शाळकरी मुलं ठरलेली पुस्तकं वाचून मतपेटीत मत टाकतात. जर्मनीचा सरकारी बालसाहित्य पुरस्कार १९५६ पासूनचा; तिथे २००३ पासून मोठ्यांच्या परीक्षक मंडळाशेजारी किशोरवयीनांचं मंडळही बसतं. शिवाय तिथे अनुवादित पुस्तकंही मूळ जर्मन पुस्तकांच्या बरोबरीने स्पर्धेत असतात. मुलाला गोष्ट हवी असते, ती कोणत्या भाषेतून आली याची चौकशी ते करत नाही.

मुलांच्या मतदानाला एक आक्षेप घेतला जातो आणि तो खरा आहे. मुलं विनोदी, धमाल, ओळखीचं तेवढंच निवडतील, आणि अवघड, हळवं, शांत पुस्तक मागे पडेल. म्हणूनच फ्रान्समध्ये यादी आधी मोठी माणसं ठरवतात आणि मत मुलं देतात. मला ही वाटणी पटते. उत्तम पुस्तकं मुलांपुढे ठेवणं ही आपली जबाबदारी. त्यातलं कोणतं पुन्हा वाचावंसं वाटलं हे सांगणं त्यांचं.

भाषा टिकवण्यासाठीही हे पुरस्कार वापरले गेले आहेत. वेल्समध्ये १९७६ पासून ‘तीर ना नोग’ पुरस्कार दिले जातात. वेल्श भाषेतल्या बालपुस्तकांना त्यांत स्वतंत्र विभाग आहेत. न्यूझीलंडमध्ये माओरी भाषेतल्या बालपुस्तकांसाठी ‘ते कुरा पौनामू’ हा पुरस्कार आहे. दोन्हीकडे आजूबाजूला इंग्रजीचा महापूर आणि शाळेत आपली भाषा शिकणारी मुलं, अशी स्थिती. पुण्या-मुंबईत इंग्रजी शाळेत जाणारी मराठी घरातली मुलं आता याच स्थितीत आहेत आणि अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांत जाणारी मुलं तर आहेतच. यांतल्या नऊ वर्षांच्या मुलाची समज नऊ वर्षांची असते, मराठी वाचन मात्र पहिलीचं. त्याला पहिलीचं पुस्तक दिलं तर ते त्याला बाळबोध वाटतं, चौथीचं दिलं तर झेपत नाही. विषय मोठा आणि भाषा सोपी अशी पुस्तकं हवीत, आणि ती कुणी लिहावीत असं वाटत असेल तर त्यांची दखल घेणारी जागा आधी निर्माण करायला हवी.

पुस्तकाऐवजी वाचनाच्या कामाला दिले जाणारे पुरस्कार हा या आढाव्यातला सर्वांत आश्वासक भाग आहे, आणि त्याची मुळं युद्धानंतरच्या जर्मनीत आहेत. येला लेपमान या ज्यू पत्रकार बाई हिटलरच्या राजवटीत देश सोडून गेल्या होत्या. युद्ध संपल्यावर त्या परतल्या आणि भग्न शहरांतल्या मुलांना काय द्यावं याचा विचार करताना त्यांनी अनेक देशांकडे बालपुस्तकं मागितली. १९४६ साली म्युनिकमध्ये त्यांचं प्रदर्शन भरलं, १९४९ साली तिथेच आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय उभं राहिलं आणि १९५३ साली झुरिकमध्ये ‘इब्बी’ ही जागतिक संस्था स्थापन झाली. हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार याच संस्थेचा, पण तो साहित्यनिर्मितीसाठी. १९५६ साली पहिला मान एलिनॉर फार्जन यांना मिळाला.

स्वीडनच्या सरकारने २००२ साली बालसाहित्यिका आस्ट्रिड लिंडग्रेन यांच्या स्मरणार्थ ५० लाख क्रोनरचा पुरस्कार स्थापन केला तेव्हा नियमातच लिहिलं की तो लेखक-चित्रकारांप्रमाणे वाचनप्रसार करणाऱ्या व्यक्ती-संस्थांनाही मिळेल. २००७ मध्ये तो व्हेनेझुएलाच्या बांको देल लिब्रोला, २००९ मध्ये पॅलेस्टाइनच्या तामेर इन्स्टिट्यूटला, २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या प्राएसा या संस्थेला आणि २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासी साक्षरतेसाठी काम करणाऱ्या प्रतिष्ठानला मिळाला. प्राएसाचं काम आफ्रिकी मातृभाषांतून मुलांना गोष्टी वाचून दाखवण्याचं. एखाद्या वाचनचळवळीला जगातला एवढा मोठा बालसाहित्य-पुरस्कार मिळतो, तेव्हा गोष्ट वाचून दाखवणं हेही सर्जनशील काम आहे ही गोष्ट अधिकृतपणे नोंदली जाते.

भारतात साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून चोवीस भाषांत दिला जातो. ५० हजार रुपये आणि ताम्रपट. मराठीत पहिला मान अनिल अवचटांच्या ‘सृष्टीत... गोष्टीत’ला, दुसऱ्या वर्षी दिलीप प्रभावळकरांच्या ‘बोक्या सातबंडे’ला. त्यानंतरची यादी पाहिली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. अनंत भावे (२०१३), माधुरी पुरंदरे (२०१४), राजीव तांबे (२०१६), रत्नाकर मतकरी (२०१८) यांना पुरस्कार मिळाला तो एकूण योगदानासाठी. माणसं सगळी थोर. मतकरींनी तर बालरंगभूमीसाठी आयुष्य वेचलं. पण एकूण योगदान पालकाला दुकानात जाऊन मागता येत नाही. शिक्षकाला ग्रंथालयाच्या यादीत ‘एकूण योगदान’ लिहिता येत नाही. पुस्तकाचं नाव हवं. अलीकडच्या वर्षांत ते येऊ लागलं आहे, उदाहरणार्थ २०२२ मध्ये संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’, २०२३ मध्ये एकनाथ आव्हाड यांचं ‘छंद देई आनंद’, २०२४ मध्ये भारत सासणे यांची ‘समशेर आणि भूतबंगला’, आणि हा बदल स्वागतार्ह आहे.

टाटा ट्रस्टच्या ‘पराग’ या उपक्रमाने २०१६ साली ‘बिग लिटल बुक’ पुरस्कार सुरू केला. त्यात दर वर्षी एका भारतीय भाषेतला लेखक निवडायचा आणि त्याच्या बरोबरीने चित्रकाराचाही सन्मान करायचा, अशी रीत ठेवली. पहिल्याच वर्षी निवडलेली भाषा मराठी होती आणि मानकरी माधुरी पुरंदरे. वाचायला शिकणाऱ्या मुलाचा इतका बारकाईने विचार करणारं दुसरं नाव मराठीत सापडणं कठीण. ‘चित्रवाचन’मध्ये अक्षरांच्या आधी डोळ्यांना वाचायला शिकवायचं, ‘राधाचं घर’मध्ये घरातली माणसं आणि रोजचं बोलणं, यशच्या गोष्टींत शाळा, मोडलेला हात, मामाचं गाव, ‘वाचू आनंदे’मध्ये मोठ्या मुलांसाठी मराठी साहित्याचे निवडक उतारे, आणि ‘लिहावे नेटके’मध्ये भाषेचं व्याकरण. एका लेखिकेने, स्वतःच चित्रं काढत, मांडीवरच्या मुलापासून आठवी-नववीपर्यंतची सगळी वाट बांधली. ज्योत्स्ना प्रकाशनाने ती सातत्याने छापली. पुरस्कारांच्या विभागांसाठी वयाचे टप्पे कसे आखावेत, हे तिच्या पुस्तकांवरूनच ठरवता येईल.

‘पराग’ने २०२० पासून हिंदी-इंग्रजीतल्या निवडक बालपुस्तकांची दर वर्षाची सन्मानयादीही सुरू केली. अशी यादी मराठीत हवी. एका विजेत्यापेक्षा तीस चांगल्या पुस्तकांची यादी शाळेच्या जास्त कामाची. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठी गोष्टी फुकट वाचता येतात आणि प्रत्येकीवर वाचनाची पातळी एक ते चार अशी लिहिलेली असते. पातळी ठरवण्याचं काम मराठीत होऊ शकतं, हे तिथे सिद्ध झालेलं आहे.

पोचवण्याचीही यंत्रणा नव्याने उभारायची नाही. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखालची शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. ग्रंथालय संचालनालय ग्रंथखरेदीसाठी याद्या काढतं. समग्र शिक्षा अभियानातून शाळांना ग्रंथालयासाठी वर्षाला ५ हजार ते २० हजार रुपये मिळतात. मराठी बालपुस्तकाची आवृत्ती साधारण हजार-दोन हजारांची असते. त्यातल्या एकेका प्रतीची वाट पाहणारी ग्रंथालयं त्याहून कितीतरी अधिक आहेत.

म्हणून शासनाकडे आणि साहित्यसंस्थांकडे मागणी अशी. बालवाङ्मयाच्या सध्याच्या विभागांना हात न लावता, त्यांच्या जोडीला तीन नवे विभाग द्यावेत: ऐकण्याच्या वयाचं पुस्तक, स्वतः वाचू लागलेल्या मुलाचं पुस्तक, आणि आदिवासी बोली व मराठी अशा दोन्ही भाषांत असलेलं पुस्तक. पुरस्कार लेखक आणि चित्रकार या दोघांच्या नावे असावा. परीक्षकांत पहिली-दुसरीला शिकवणारे दोन शिक्षक, एक अंगणवाडी सेविका आणि एक वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ असावेत. अंतिम यादीतली पुस्तकं निकालाआधी प्रत्येक जिल्ह्यातल्या काही शाळांत वाचून पाहिली जावीत आणि निवडलेलं पुस्तक पुढची पाच वर्षं ग्रंथालयांच्या खरेदी-यादीत राहावं. यातल्या एकाही गोष्टीसाठी नवा कायदा करावा लागत नाही. पुढच्या वर्षीच्या पुरस्कारांचा शासन निर्णय निघताना चार कलमं वाढवली की पुरे.